रोबोट टाका घालत नाही

‘प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोट करणार’ असं कळलं की घरचे धास्तावतात, नाहीतर एकदम निर्धास्त होतात. दोन्ही गैरसमजच. दा विंची नावाचं हे यंत्र स्वतःहून एक टाकाही घालत नाही. पेशंटपासून चार पावलांवर सर्जन बसलेला असतो. डोळे कन्सोलच्या खोबणीत, बोटं मुठींमध्ये, पाय पेडलवर. तो मनगट वळवेल तशी पोटातली अवजारं वळतात, एवढंच.

म्हणूनच रोबोटिक सर्जनचा परिचय वाचताना यंत्राच्या आधीचं पान महत्त्वाचं. डॉ. मणी मेनन यांचंच बघा. पाँडिचेरीच्या जिपमरमधून डॉक्टर झाले, युरॉलॉजी शिकले अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला. १९९७ साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये विभागप्रमुख झाले, तेव्हा ते पोट उघडून ऑपरेशन करणारे मुरलेले सर्जन होते. दुर्बिणीचं तंत्र रुजवायला त्यांनी पॅरिसहून जाणकार सर्जन बोलावले. पण दुर्बिणीची अवजारं लांब, सरळ, मनगट नसलेली. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाचं तोंड मूत्रनलिकेला शिवावं लागतं आणि तेही कटिभागाच्या तळाशी, अंधाऱ्या कोपऱ्यात. भल्याभल्यांचा घाम तिथे निघतो.

रोबोटने नेमकं ते मनगट परत दिलं. शिवाय मोठं करून दाखवलेलं त्रिमितीय दृश्य, हाताचा कंप गाळून टाकणारी यंत्रणा. प्रोस्टेटला बिलगून जाणाऱ्या, लैंगिक क्षमतेच्या नसा वाचवायच्या तर हे मोलाचं. त्या नसा वाचवता येतात हे हॉपकिन्सच्याच पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं, उघड्या ऑपरेशनमध्ये. मेनन यांनी ती शरीररचनेची जाण यंत्रावर नेली आणि २००१ च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये अशी ऑपरेशनं रोजची झाली.

यंत्राने एक गोष्ट काढूनही घेतली, ती म्हणजे स्पर्श. दा विंचीच्या अनेक वर्षं वापरात असलेल्या आवृत्त्यांत धागा किती ताणला गेला हे बोटांना कळतच नाही. डोळ्यांनी ओळखावं लागतं. नवखा हमखास धागा तोडतो. ही नजर जाहिरातीत दिसत नाही, मोजायची तर केलेल्या ऑपरेशनांवरूनच.

ऑस्ट्रेलियात ३२६ पुरुषांवर झालेली रोबोटिक आणि उघड्या ऑपरेशनची तुलना २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रोबोटच्या गटात रक्तस्राव कमी, हॉस्पिटलमधला मुक्काम कमी. पण बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. रोबोटवाल्या सर्जनच्या गाठीशी सुरुवातीला दोनशेच्या आसपास रोबोटिक ऑपरेशनं होती, उघडी ऑपरेशनं करणाऱ्याच्या गाठीशी दीड हजारांहून जास्त. तेव्हा ओपीडीत ‘मशीन कोणत्या मॉडेलचं?’ हे नंतर विचारा. ‘डॉक्टर, अशी किती केलीत, आणि त्यातल्या कितीजणांचे डायपर वर्षभरात सुटले?’ हे आधी.