अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणी

पुण्या-मुंबईत शिकायला आलेले विद्यार्थी फ्लॅट घेताना बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' करार (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) करतात. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखेच हे: वापर आपला, मालकी दुसऱ्याची, मुदत संपली की परत. करार अकरा महिन्यांचा असेल तर नोटरीचा शिक्का पुरतो, असा समज सर्रास आढळतो. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यात सहसा सक्ती नसल्याने तो रुजला असावा. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत (सरकारी दप्तरात नोंदलेला) हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडे, अनामत रक्कम आणि ती परत मिळण्याची अट करारातच लिहून घ्यावी. नोंदणी ऑनलाइनही होते.