काकांचे शेअर्स आणि कोरा रकाना

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. दुपारी भांडी आवरून जरा टेकले, तोच गल्लीच्या टोकाच्या काकू हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. "अगं, सव्वा लाख टॅक्स भरायला सांगतायत. मग गुडघ्याचं ऑपरेशन कशातून करू?"

पाणी दिलं, बसवलं आणि पिशवीतले कागद पसरले. बचत गटाच्या वह्या तपासून तपासून आकड्यांची भीती गेलीय माझी. शेअर बाजाराचं मात्र मला काही कळत नव्हतं, हे आधीच सांगते.

काकू तशा पक्क्या. काका डिसेंबर 2017 मध्ये गेले. 1994 साली पब्लिक इश्यूत घेतलेले एका कंपनीचे 200 शेअर्स त्यांच्या नावावर होते. 2010 मध्ये एकास एक बोनस मिळून ते 400 झाले. सर्टिफिकेटं कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली. डिव्हिडंड जॉइंट खात्यात जमा व्हायचा, म्हणून कुणी हात लावला नाही. विकायची वेळ आली तेव्हा कळलं की 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर्स विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. आधी वारस म्हणून नाव लावा, मग डिमॅट करा. मृत्यूचा दाखला, सह्या, बँकेचे शिक्के यात वर्ष गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये शेअर्स काकूंच्या डिमॅट खात्यात आले. जानेवारी 2025 मध्ये 1,500 रुपये भावाने विकले. सहा लाख रुपये हातात.

पुढे घोळ झाला. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये खरेदीची तारीख सप्टेंबर 2024 आणि खरेदीची किंमत या रकान्यात शून्य! करसल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलाने तो कागद समोर ठेवून हिशेब केला. चार महिन्यांत विकले, म्हणजे अल्पमुदतीचा नफा. किंमत शून्य, म्हणजे सगळे सहा लाख नफाच. त्यावर 20 टक्के आणि वर सेस, झाले 1,24,800. गणितात चूक नव्हती, पण ज्या कागदावरून केलं तो कागदच अर्धवट होता.

ब्रोकरचा कॉम्प्युटर बिचारा काय करणार? शेअर्स त्याच्याकडे आले ती तारीख त्याला ठाऊक. 1994 साली काकांनी किती रुपये भरले, हे त्याला कोण सांगणार? आईवडिलांकडून आलेले, नवऱ्यामागे आलेले, दुसऱ्या डिमॅट खात्यातून वळवलेले शेअर्स असले की तो रकाना बऱ्याचदा असाच कोरा राहतो. तो आपणच भरायचा असतो.

माझ्या भाचीने बी.कॉम.नंतर दोन वर्षं सीएकडे काम केलंय. तिला फोन लावला. तिने जे सांगितलं ते ऐकून काकूंनी पहिल्यांदा चहा घेतला.

वारसाने मिळालेल्या शेअर्सना मूळ मालकाची खरेदी किंमत लागू होते, आणि त्याने ते जितका काळ ठेवले तो काळही आपल्यात मोजतात. म्हणजे काकूंचे शेअर्स चार महिन्यांचे नव्हते, 1994 पासूनचे होते. लिस्टेड शेअर्स बारा महिन्यांहून जास्त ठेवले की नफा दीर्घ मुदतीचा. 23 जुलै 2024 पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे, तोही वर्षाच्या पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर नाही.

आता किंमत. काकांचं बिल कुठे शोधायचं? भाची म्हणाली, "मावशी, बिलाची गरजच नाही." असा दीर्घ मुदतीचा नफा पूर्वी करमुक्त होता. 2018 च्या बजेटमध्ये कर आला तेव्हा आधीच्या वाढीवर तो लागू नये म्हणून सवलत ठेवली. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या लिस्टेड शेअर्सना त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. मूळ किंमत त्याहून जास्त असेल तर ती धरायची. विक्रीचा भावच त्याहून कमी असेल तर मात्र विक्रीच्या भावापर्यंतच. 2010 चे बोनस शेअर्सही यात बसले. एरवी बोनसची किंमत शून्य धरतात.

त्या दिवसाचे भाव शेअर बाजारांच्या वेबसाइटवर आहेत. काकूंच्या कंपनीचा निघाला 1,100. चारशे शेअर्सचे 4,40,000. नफा उरला 1,60,000. सव्वा लाख वजा केले, राहिले 35,000. त्यावर साडेबारा टक्क्यांनी 4,375, सेस 175. एकूण 4,550 रुपये! (काकूंची फॅमिली पेन्शन करपात्र मर्यादेच्या वर आहे, म्हणून एवढे तरी. दुसरं उत्पन्न नसलेल्या बाईला ती मर्यादाही या नफ्यातून वजा मिळते.)

एक खोच होती. त्या तारखेनंतर शेअरचे तुकडे झाले असतील, म्हणजे दहा रुपयांच्या एकाचे दोन रुपयांचे पाच, तर तो जुना भावही पाचाने भागायचा. आम्ही तपासलं, तसं झालेलं नव्हतं.

राहिला पुरावा. डिमॅट करताना मूळ सर्टिफिकेटं जमा होतात, हाती काही उरत नाही. पण कागद हातातून सुटण्याआधी झेरॉक्स काढायची काकूंना जुनी खोड. दोन्ही सर्टिफिकेटांच्या प्रती पिशवीत होत्या, तारखांसकट. त्या नसत्या तर कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर देऊन शेअर्स कधी दिले याचं पत्र मागावं लागलं असतं. फोलिओ नंबर डिव्हिडंडच्या जुन्या कागदांवर सापडतो.

फेब्रुवारी 2018 नंतर घेतलेल्या शेअर्सना मात्र ही सवलत नाही. तिथे खरी किंमतच शोधायची. ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट, नाहीतर बँकेच्या पासबुकातली त्या दिवसाची नोंद. जुन्या ब्रोकरलाही मागता येतं. आमच्याकडे ह्यांनी घेतलेल्या शेअर्सचं काय, असं मी त्याच रात्री विचारलं. "मोबाइलमध्ये असेल," हे उत्तर मिळालं!

दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर करसल्लागारांकडे गेले. त्यांनी झेरॉक्स पाहिल्या, भाव पडताळला आणि नव्याने तक्ता केला. रिटर्न भरलं नव्हतं, हे नशीब. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात सहा लाखांची विक्री दिसतच होती, म्हणून प्रत्येक कागदाची प्रत त्यांनी फाइलला लावून ठेवली.

नोव्हेंबरात काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या काठी घेऊन देवळापर्यंत जातात. परवा पुन्हा पिशवी घेऊन आल्या. शालूखाली आणखी एक सर्टिफिकेट निघालंय, पण ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालीय. रजिस्ट्रारला पत्र लिहायला घेतलंय आम्ही.