हजेरीपटावरची माणसे

मुंबईच्या पोटातून धावणारी आरे ते कफ परेड ही मेट्रो ९ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या सबंध साडेतेहेतीस किलोमीटर लांबीवर प्रवाशांस खुली झाली, आणि मुंबईकराच्या स्वभावास अनुसरून अवघ्या काही आठवड्यांत ती त्याच्या अंगवळणीही पडली. सुरुवातीस भुयारात फोन लागत नाही म्हणून त्याने कुरकुर केली, सरकत्या जिन्यांची खोली पाहून तोंडात बोट घातले, दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंतच्या भाड्याची लोकलच्या पासाशी तुलना करून पाहिली, आणि मग तो खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाठ करून निमूटपणे उभा राहिला. लोकलमध्ये लोंबकळत आयुष्य काढलेल्या माणसास हे सुख उशिरा मिळाले, एवढेच आम्ही म्हणू. त्याने त्या काळोखाकडे वळून पाहावे, यासाठी मात्र आज हा लेखनप्रपंच.

या मार्गावर नावांची वाण नाही. सत्तावीस स्थानकांपैकी एकास जगन्नाथ शंकरशेठ यांचे नाव दिले, ते सर्वथा योग्य झाले. या देशात आगगाडी यावी म्हणून ज्यांनी पदरचा पैसा आणि प्रतिष्ठा पणास लावली त्या नानांचे ऋण मुंबईने फार वर्षे थकविले होते. वरळी नाक्यापाशी आचार्य अत्रे आहेत, फोर्टात हुतात्मे आहेत. परंतु अत्र्यांच्या नावाआधी आता एका म्युच्युअल फंडाचे नाव झळकते, चर्चगेटच्या आधी एका विमा कंपनीचे, आणि सिद्धिविनायकाच्या आधी दुसऱ्या विमा कंपनीचे. साक्षात विघ्नहर्त्यास विम्याची गरज का पडावी, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही; आणि अत्र्यांनी आपल्या नावामागे लागलेल्या या शेपटीवर काय लिहिले असते, याची कल्पना करण्याचा मोह आम्ही मोठ्या कष्टाने आवरतो. मेट्रोस पैसा लागतो, तिकिटाच्या उत्पन्नावर ती चालत नाही, हा व्यवहार आम्हांसही कळतो. पैसे मोजणाऱ्यास भिंतीवर नाव मिळाले. भुयार खोदणाऱ्या सतरा यंत्रांनाही नावे मिळाली, आणि तीही कशी सुंदर! कृष्णा, गोदावरी, वैतरणा, तानसा, तापी, सूर्या, वैनगंगा. या नद्यांच्या नावाची पोलादी यंत्रे ज्यांनी जमिनीखाली चालविली, त्या माणसांची नावे मात्र एकाही स्थानकावर नाहीत.

हे काम काय होते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. मुंबईचा खडक हा काळाकभिन्न बेसॉल्ट. परंतु तो सर्वत्र सारखा नाही. कोठे अखंड कातळ, कोठे भुसभुशीत ब्रेशिया, कोठे भराव घालून समुद्राकडून हिसकावलेली ओली जमीन. यंत्राचे अजस्र चक्र पुढे खडक कुरतडत जाते आणि त्याच्या पाठीशी माणसे काँक्रीटचे वक्राकार तुकडे एकास एक जोडून, बोल्ट आवळून, बोगद्याचे कडे पुरे करतात. एक कडे पुरे झाले की यंत्र तेवढेच पुढे सरकते, की पुन्हा नवे कडे. जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन बोगदे मिळून पन्नास किलोमीटरहून अधिक अंतर या रीतीने, कड्याला कडे जोडून, पार पडले. वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी यांच्या दरम्यान तर डोक्यावर मिठी नदी होती. यंत्राने खडक भेदून स्थानकाच्या विवरात डोके काढण्याचा पहिला प्रसंग सप्टेंबर २०१८ मधला आणि बेचाळिसावा, शेवटचा, नोव्हेंबर २०२२ मधला. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली. त्या छायाचित्रांत पिवळ्या शिरस्त्राणांची एक दाटी दिसते, आणि तिच्या पुढे साहेबांची रांग.

ती पिवळी शिरस्त्राणे कोठून आली? काम सात ठेक्यांत वाटलेले. मॉस्को, इस्तंबूल, शांघाय येथील कंपन्यांनी भारतीय कंपन्यांशी भागीदारी केलेली. परंतु विवरात उतरणारा माणूस बहुतांशी झारखंड, बिहार, ओडिशा, बंगाल, उत्तर प्रदेश येथला. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी सळया बांधणारा, कोणी नुसता बिगारी. पत्र्याच्या छावणीत तो राहिला. ज्या मुंबईखाली तो वर्षानुवर्षे वावरला ती वरून त्याने किती पाहिली असेल, हा प्रश्नच आहे. २०२० च्या टाळेबंदीत हे शहर दारे लावून घरात बसले तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली. कित्येक जण मिळेल त्या मार्गाने गावी गेले, कित्येक छावणीतच राहिले, आणि गेलेल्यांपैकी पुष्कळ जण पुन्हा परत आले. ते परतले नसते तर आजची गाडी कोणत्या साली धावली असती?

आम्ही अधिकाऱ्यांचे श्रेय नाकारीत नाही. अश्विनी भिडे यांनी २०१५ पासून या कामाची धुरा वाहिली, जानेवारी २०२० मध्ये त्यांची बदली झाली, आणि २०२२ मध्ये त्या पुन्हा त्याच खुर्चीवर आल्या. आरेच्या कारशेडवरून उठलेल्या वादळात त्यांच्यावर जितकी टीका झाली तितकी क्वचितच एखाद्या सनदी अधिकाऱ्यावर झाली असेल. ती सगळीच अन्याय्य होती असे आम्ही म्हणणार नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात झाडांवर करवती चालल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने हात धरला तोवर २१४१ झाडे आडवी झाली होती, आणि ती वाचवू पाहणाऱ्या एकोणतीस जणांस अटक झाली होती. कारशेड कोठे व्हावी याविषयी सुजाण माणसांत मतभेद असू शकतो. रात्रीच्या त्या घाईविषयी तो असू नये. त्यानंतर कारशेड आरेतून कांजूरमार्गास आणि कांजूरमार्गाहून पुन्हा आरेत अशी जी यात्रा तीन वर्षे चालली, तिचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडावा हे राज्यकर्त्यांनी अद्याप जनतेस सांगितलेले नाही. मूळचा २३,१३६ कोटींचा अंदाज शेवटी सदतीस हजार कोटींवर गेला.

ही मेट्रो ज्यांच्या त्यागावर उभी राहिली त्यांत आणखी एक वर्ग आहे, आणि तो आमच्या वाचकांच्या घरातलाच आहे. गिरगाव आणि काळबादेवी येथील ज्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्यांच्या चाळी रिकाम्या केल्या, त्यांची गोष्ट आम्ही बोलत आहो. २०१५ साली मेट्रोच्या विरोधात गिरगावकर रस्त्यावर उतरले तेव्हा काही शहाण्यांनी त्यांस प्रगतीचे वैरी ठरविले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाची किंमत चौरस फुटांत मोजणाऱ्यास ते कळणारे नव्हते. सणास एकत्र येणारा मजला, खालचा वाणी, गल्लीतला गणपती, तोंडपाठ असलेले शेजाऱ्यांचे आजार, हे सारे उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्याच परिसरात परत आणू, असे वचन त्यांस दिले गेले आहे. वचनाची पूर्तता शेवटचे कुटुंब नव्या उंबरठ्याच्या आत येईल त्या दिवशीच होईल. गाडी सुरू झाली म्हणून झाली असे नव्हे. कफ परेडच्या रहिवाशांचेही स्मरण ठेवू. रात्रीच्या खडखडाटाविरुद्ध त्यांच्यापैकी एकाने न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबर २०१७ पासून ऑगस्ट २०१८ पर्यंत तेथील रात्रीचे काम बंद राहिले. तेव्हा त्यांस नावे ठेवली गेली. शांत झोप हा श्रीमंतांचा चोचला नाही. फक्त विवराच्या काठावर छावणीत निजणाऱ्या मजुराच्या झोपेविषयी कोणी याचिका केली नाही, इतकेच.

मोठी बांधकामे आणि विस्मृती यांचे आपल्याकडे जुने नाते आहे. बोरघाटातून लोहमार्ग नेण्याचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्याआल्याच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम तडीस नेले, हे इतिहासाने आदराने नोंदविले आहे आणि ते योग्यच. परंतु त्या घाटात एके काळी बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कडे कोसळून ते हजारांनी मेले. त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव वाचकांस ठाऊक आहे काय? लोकांना ठाऊक आहे तो शिंग्रोबा. घाटाची वाट साहेबास दाखविणारा आणि, दंतकथेप्रमाणे, त्याबद्दल साहेबाच्याच हातून मेलेला धनगर. त्याचे देऊळ खंडाळ्याच्या घाटात आहे. ते कंपनीने बांधले नाही, सरकारनेही नाही. जाणायेणारे मालमोटारीवाले आजही त्यापुढे नाणे टाकतात. वाटाड्याचे ऋण वाटसरांनी फेडले, असा हा प्रकार आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक स्थानकात एका भिंतीवर, जाहिरातदारांस न विकलेल्या अशा भिंतीवर, ते स्थानक आणि त्याच्या लगतचे बोगदे ज्यांनी उभारले त्या सर्वांची नावे कोरावीत. मुख्य अभियंत्यापासून बिगाऱ्यापर्यंत, आणि वर्णानुक्रमाने, हुद्द्यानुसार नव्हे. या कामात जे प्राणास मुकले असतील त्यांची नावे प्रथम असावीत, त्यांचे गाव आणि जिल्हा यांसह. गिरगाव-काळबादेवीच्या स्थानकांत पाडलेल्या इमारतींची नावेही असावीत.

हे अशक्य आहे, असे उत्तर येईल. ठेकेदाराखाली उपठेकेदार, त्याखाली मुकादम. आज आलेला मजूर उद्या गेलेला. नावे आणावीत कोठून? या स्तंभाच्या लेखकाने उमेदीची काही वर्षे शाळेत हजेरी घेण्यात घालविली आहेत, त्यामुळे हे उत्तर त्यास पटत नाही. हजेरीपट ही मोठी प्रामाणिक वही असते. तीत हुशार आणि मठ्ठ यांस सारखीच एक ओळ मिळते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आहे, आणि त्याप्रमाणे मालकास कामगारांची नोंदवही ठेवावी लागते. विवरात कोण उतरले आणि कोण वर आले, याचा हिशेब सुरक्षिततेसाठीच ठेवावा लागतो. पगार ज्याच्या नावे निघाला त्याचे नाव कोठेतरी लिहिलेले असणारच. वानवा आहे ती विचारणाऱ्याची. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा पंतप्रधानांच्या फेरीत काही श्रमिकांस डब्यात बसविले गेले, याची आम्ही कृतज्ञतेने नोंद घेतो. जी गोष्ट एका फेरीपुरती सुचली, ती भिंतीवर कायमची करण्यास अडचण कोणती?

काम संपले असे समजण्याचेही कारण नाही. आचार्य अत्रे चौकाचे स्थानक सुरू होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तोच २६ मे २०२५ रोजी, कधी नव्हे इतक्या लवकर मोसमी पाऊस मुंबईत आला आणि स्थानकात पाणी शिरले. गाडी वरळीपर्यंतच धावू लागली. त्या दिवशी टीका करण्यास आम्हीही मागे नव्हतो आणि ती टीका रास्त होती. पण त्या चिखलात उतरून पाणी उपसले ते आम्ही नव्हे, आणि टीका ज्यांच्यावर झाली तेही नव्हेत.

ठेकेदार आता एकेक करून गाशा गुंडाळतील. छावण्यांचे पत्रे निघाले की त्यांबरोबर कचेऱ्यांची कपाटेही निघतात आणि कपाटांतल्या वह्या रद्दीत जातात. मेट्रो महामंडळाने सातही ठेक्यांचे हजेरीपट त्याआधी मागवून आपल्या ताब्यात घ्यावेत. सुरुवात माहीमच्या नयानगरपासून करावी. २०१७ साली तेथील विवरात यंत्र उतरले होते. तेथल्या वह्या सर्वांत जुन्या असतील, आणि वाळवीने त्या प्रथम गाठल्या असतील.