प्रतिपिंडांची पकड: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संसर्ग झाल्यावर सुरुवातीच्या दिवसांत रक्तात उतरणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, जंतूला धरतात खरी, पण सैलसर. काही आठवड्यांनी त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे कितीतरी पट घट्ट चिकटतात. हर्मन आयझेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी १९६४ मध्ये सशांवरच्या प्रयोगांत ही वाढ मोजून दाखवली. ती होते कशी, याबद्दल मात्र बऱ्याच चुकीच्या कल्पना रूढ आहेत.

गैरसमज: प्रतिपिंड जंतूच्या आकाराप्रमाणे स्वतःला घडवते.
हा समज केवळ सामान्यांचा नव्हता. जंतूच्या रेणूभोवती प्रथिनाची साखळी घडी घेते आणि त्याच्या मापाचे प्रतिपिंड तयार होते, असा सिद्धांत १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गजाने मांडला होता. तो टिकला नाही. फ्रँक मॅक्फार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेले चित्र खरे ठरले: तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी शरीरात आधीपासूनच असतात, जंतू फक्त त्यांतल्या जुळणाऱ्या पेशींना चालना देतो. एकदा बनलेले प्रतिपिंड नष्ट होईपर्यंत तसेच राहते. बदलते ते बी-पेशीतले जनुक, आणि पुढच्या पिढीतल्या पेशी बदललेले प्रतिपिंड बनवतात.

गैरसमज: शरीर नेमके हवे तेच उत्परिवर्तन घडवते.
शरीराला काय हवे ते ठाऊक नसते. बदल आंधळेपणाने होतात आणि ते करणारे विकर शरीराचेच असते, ही यातली खरी गंमत. त्याचे नाव ‘एआयडी’. जपानच्या क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या गटाने ते १९९९ मध्ये शोधले. हे विकर प्रतिपिंडाच्या जनुकातल्या सायटोसिन या अक्षराचे युरेसिल करून टाकते. डीएनएमध्ये युरेसिल परके, त्यामुळे दुरुस्ती यंत्रणा धावून येते. पण एरवी काटेकोर असणारी ही यंत्रणा इथे चुका करणाऱ्या विकरांना कामाला लावते आणि दुरुस्तीच्या नावाखाली नवे बदल घुसतात. पेशीच्या एका विभाजनात हजार अक्षरांमागे साधारण एक बदल, म्हणजे नेहमीच्या सुमारे दहा लाख पट. आंधळेपणा फायद्या-तोट्यापुरताच, जागेच्या बाबतीत मात्र एआयडीची आवडनिवड असते. काही ठरावीक अक्षरक्रमांवर ते जास्त घाव घालते आणि असे क्रम जंतूला स्पर्श करणाऱ्या भागाच्या जनुकात दाटीने आढळतात.

सुधारणा घडते ती निवडीमुळे. लसीकाग्रंथींमध्ये संसर्गानंतर ‘जर्मिनल सेंटर’ नावाची केंद्रे उभी राहतात. त्यांच्या गडद भागात बी-पेशी विभागतात आणि उत्परिवर्तित होतात, मग फिकट भागात येतात. तिथे काही विशेष पेशींनी जंतूचे तुकडे अंगावर धरून ठेवलेले असतात. ज्या बी-पेशीची पकड घट्ट, ती जास्त तुकडे ओढून घेते, ते फोडून मदतनीस टी-पेशीला दाखवते आणि जगण्याचा संकेत मिळवते. बाकीच्या मरतात, आणि मरणाऱ्यांची संख्या प्रचंड असते, कारण बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातकच निघतात. निवडलेल्या पेशी पुन्हा गडद भागात जातात आणि फेरी नव्याने सुरू होते.

गैरसमज: सुधारलेली प्रतिपिंडे मुलांना वारशाने मिळतात.
हे बदल बी-पेशींपुरतेच असतात; अंडपेशी वा शुक्रपेशीत ते जात नाहीत. आईची तयार प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात, पण ती उसनी असतात आणि काही महिन्यांत संपतात. बदल बी-पेशींपुरतेच असले, तरी धोका असतोच: एआयडीचा घाव कधी भलत्याच जनुकावर पडतो. बी-पेशींच्या काही कर्करोगांमागे (लिम्फोमांमागे) हे एक कारण असते.

गैरसमज: बूस्टर डोसने फक्त प्रतिपिंडांची संख्या वाढते.
संख्या वाढतेच, पण दर्जाही सुधारतो. हिपॅटायटिस-बीची लस प्रौढांना शून्य, एक आणि सहा महिन्यांनी देतात. मधल्या काळात निवड झालेल्या स्मृतिपेशी शेवटच्या डोसला प्रतिसाद देतात. कोविडच्या एमआरएनए लसीनंतर काखेतल्या लसीकाग्रंथींमधली जर्मिनल सेंटर किमान बारा आठवडे चालू राहिल्याचे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या संशोधकांना आढळले.

गैरसमज: पकड जितकी घट्ट तितके संरक्षण पक्के.
विषाणूच्या बिनकामाच्या भागाला घट्ट धरून उपयोग नाही. शिवाय पकड एका मर्यादेपलीकडे गेली की बी-पेशींमध्ये डावे-उजवे करता येत नाही. एचआयव्हीसारख्या सतत रूप बदलणाऱ्या विषाणूपुढे मात्र वर्षानुवर्षे फेऱ्या चालतात. एचआयव्हीविरुद्धच्या ‘व्हीआरसी०१’ या प्रतिपिंडाच्या जड साखळीच्या (दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांपैकी मोठीच्या) मूळ व्ही-जनुकातली जवळपास तीस टक्के अक्षरे बदललेली आहेत.

गैरसमज: आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग ताजाच.
गर्भवतीच्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या चाचणीत हा घोळ नेहमी होतो, कारण आयजीएम हा सुरुवातीला बनणारा प्रतिपिंडांचा प्रकार कित्येक महिने रेंगाळू शकतो. अशा वेळी आयजीजी या नंतरच्या प्रकाराची एकूण पकड, म्हणजे ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासतात. नमुन्यावर युरियाचे द्रावण सोडले की सैल पकडीची प्रतिपिंडे सुटून जातात, घट्ट पकडीची टिकतात. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बरीचशी टिकली, तर संसर्ग गर्भधारणेच्या आधीचा असल्याचे डॉक्टरांना सांगता येते. कमी टिकली, तर मात्र तो ताजाच असेल असे नाही. काहींची पकड सुधारायला जास्त वेळ लागतो.