आईच्या बाजूचा धागा : एका आयरिश घराण्याचा ऑस्ट्रेलियातला माग



मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ‘आमचं कुटुंब तीन-चार पिढ्यांपूर्वी गाव सोडून निघालं, आता मूळ शोधायचं कसं?’ हा प्रश्न माझाही आहे. आम्ही चार पिढ्यांचे इंदूरकर. आमच्या बैठकीत एक वंशावळ फ्रेम करून लावलेली आहे. तिच्यात नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव काय होतं, हे मला कुणीही सांगू शकलेलं नाही.

असा शोध घ्यायचा कसा, हे समजायला दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहिलेली बरी असते. म्हणून आज मी तुम्हाला आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या केली कुटुंबाकडे घेऊन जाणार आहे. नेड केली हा ऑस्ट्रेलियातला सगळ्यात प्रसिद्ध दरोडेखोर याच घरातला. कुणी त्याला गरिबांचा कैवारी मानतं, कुणी पोलिसांचा खुनी. तो वाद आज बाजूला ठेवू. मी हे घर निवडलं ते एवढ्यासाठी, की त्यांचे कागद जगापुढे खुले आहेत. खाजगी माणसांच्या घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणण्याचा मला अधिकार नाही.

वंशशोधाचा पहिला नियम असा, की ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. मूळ पुरुषापासून सुरुवात केली की माणूस हमखास फसतो. केली हे आडनाव आयर्लंडमध्ये गल्लोगल्ली सापडतं. त्याचं मूळ आयरिश रूप ‘ओ केल्ली’ असं काहीतरी. इंग्रज कारकुनांनी ऐकलं तसं लिहिलं आणि त्याचं ‘केली’ झालं. नुसतं आडनाव धरून निघालात तर हजार केली भेटतील आणि आपला कोणता ते कळणार नाही.

तर नेडपासून मागे जाऊ. ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. ही तारीख पक्की आहे. त्याच्या जन्माची तारीख मात्र पक्की नाही! व्हिक्टोरिया वसाहतीत १८५३पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली होती, तरी नेडच्या जन्माची नोंद मिळत नाही. मग अभ्यासकांनी दोन धागे जुळवले. एक म्हणजे शाळा तपासनिसाचं टिपण. मार्च १८६५मध्ये एव्हनेल गावच्या शाळेत त्याने या मुलाचं वय १० वर्षं ३ महिने असं लिहून ठेवलं. दुसरा धागा घरातल्या आठवणीचा, की नेड युरेकाच्या सुमारास जन्मला. युरेका म्हणजे बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवरच्या कामगारांचा उठाव, ३ डिसेंबर १८५४चा. तपासनिसाचा हिशेबही डिसेंबर १८५४लाच येऊन थांबतो. आपल्या आज्या ‘बहात्तरच्या दुष्काळात झालेला’ असं सांगतात ना, तसंच हे. अशी वाक्यं हसण्यावारी नेऊ नका, लिहून ठेवा. एखादा कागद शेजारी आला की त्यांची किंमत कळते.

आता एक पिढी मागे. नेडचे वडील जॉन केली. त्यांना सगळे रेड केली म्हणत. २७ डिसेंबर १८६६ रोजी ते एव्हनेलला वारले. व्हिक्टोरियातला मृत्यूचा दाखला म्हणजे वंश शोधणाऱ्यासाठी सोन्याची खाण. त्यात मृताचे आईवडील, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षं राहिला, लग्न कुठे आणि कुणाशी झालं, मुलं किती, एवढं सगळं विचारलेलं असतं. पण हे सांगणारा कोण, ते आधी बघायचं. कारण दाखला सांगणाऱ्याच्या माहितीइतकाच खरा असतो. रेड केलीच्या मृत्यूची माहिती देणारा म्हणून नाव आहे ‘एडवर्ड केली, मुलगा, एव्हनेल’. म्हणजेच नेड. वय जेमतेम बारा वर्षं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा क्षणभर थांबलो. ज्याचं नाव पुढे साऱ्या वसाहतीत दहशत म्हणून घेतलं गेलं, तो इथे बापाच्या मरणाची नोंद करायला गेलेला एक पोर आहे. कागद कोरडे असतात असं म्हणतात, मला तसं वाटत नाही.

आणखी मागे जाऊ. रेड केली ऑस्ट्रेलियात आला तो स्वखुशीने नव्हे. आपल्याकडे ज्याला काळ्या पाण्याची शिक्षा म्हणत, तीच त्याला झाली होती, सात वर्षांची. ‘प्रिन्स रीजंट’ या जहाजातून तो जानेवारी १८४२मध्ये व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या तास्मानियाला उतरला. या कैद्यांच्या नोंदी इतक्या बारकाईने ठेवलेल्या आहेत की युनेस्कोने ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या दप्तरांना २००७मध्ये ‘जगाची स्मृती’ या यादीत जागा दिली. उंची, केसांचा रंग, अंगावरच्या खुणा, गावाचं नाव, गुन्हा, शिक्षा, सगळं तिथे आहे. गंमत बघा, प्रामाणिकपणे राबून मेलेल्या गरिबाची नोंद एका ओळीची, आणि चोराची पानभर! म्हणूनच आज ऑस्ट्रेलियात पूर्वज कैदी निघाला तर लोकांना आनंद होतो. एके काळी हीच गोष्ट घरोघरी लपवली जायची.

रेडचा गुन्हा काय होता? पुढे दंतकथांनी त्याला जमीनदारांविरुद्ध लढणारा बंडखोर केला. कागद म्हणतो, दोन डुकरं चोरली. आपल्या घराण्याबद्दल ऐकलेली गोष्ट आणि कागद यांची अशी टक्कर प्रत्येक शोधात एकदा तरी होते. तेव्हा कागदाचं ऐकायचं, पण गोष्टही फेकून द्यायची नाही. ती गोष्ट लोकांना का लागली, हाही इतिहासच आहे. भाडेपट्ट्याच्या तुकड्यावर जगणाऱ्या टिपरेरी परगण्यातल्या कुळाला आपला माणूस चोर म्हणून आठवण्यापेक्षा बंडखोर म्हणून आठवणं सोपं गेलं असणार.

आता आयर्लंडच्या दारात पोचलो. इथे बरेच जण अडतात. १९२२मध्ये आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सार्वजनिक दप्तर जळून खाक झालं. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. त्यानंतरच्या चार जनगणना सरकारने स्वतःच आधी नष्ट केल्या होत्या. त्यामुळे पूर्ण मिळतात त्या १९०१ आणि १९११च्या. जन्म-मृत्यूची सर्वांसाठीची सरकारी नोंदही तिकडे १८६४पासूनची. मग उरतं काय? एक, जमिनीचे कर आणि भाडं ठरवण्यासाठी केलेल्या पाहण्या, त्यांतली ग्रिफिथची पाहणी सगळ्यात उपयोगाची. आणि दोन, कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या वह्यांच्या प्रतिमा २०१५मध्ये इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या.

या वह्यांची एक खुबी आहे. त्यांत बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं. रेड केली हा थॉमस केली आणि मेरी कोडी यांचा मुलगा, १८२०चा. ‘मेरी कोडी’. लक्षात घ्या, ‘केलीची बायको’ असं नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका खेडूत बाईचं स्वतःचं नाव टिकलं, कारण चर्चची तशी रीत होती. माझ्या बैठकीतल्या फ्रेमकडे मी त्या दिवशी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

बाईचा विषय निघालाच आहे तर नेडच्या आईकडे वळू. एलन क्विन ही उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यातली. ती १८४१मध्ये आईवडील आणि भावंडांबरोबर ‘इंग्लंड’ नावाच्या जहाजाने मेलबर्नच्या बंदरात उतरली. ते कैदी नव्हते, मदतीच्या तिकिटावर आलेले स्थलांतरित होते. म्हणजे एकाच घराच्या दोन बाजू, आणि दोघांचे कागद दोन वेगळ्या कपाटांत. बापाचा शोध कैद्यांच्या दप्तरात, आईचा जहाजांच्या उतारू-यादीत. १८५०च्या नोव्हेंबरमध्ये मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रेड आणि एलनचं लग्न झालं. त्यांना आठ मुलं झाली, त्यातली पहिली मुलगी तान्हेपणीच गेली.

नवरा गेल्यावर एलनने ग्रेटा गावाजवळ ८८ एकर जमीन सरकारकडून पट्ट्याने घेतली. अशा शेतकऱ्यांना तिकडे सिलेक्टर म्हणत. जमीन सुधारायची, कुंपण घालायचं, भाडं भरायचं, तर ती पुढे आपली. मोठे पशुपालक आणि हे छोटे सिलेक्टर यांच्यात सतत तंटे, आणि त्यात पोलीस. १८७४मध्ये एलनने जॉर्ज किंगशी लग्न केलं. म्हणजे आता ती आणि तिची नंतरची मुलं ‘किंग’ या नावाखाली शोधायची. मुलगी केट न्यू साउथ वेल्समध्ये लग्न करून फॉस्टर झाली. वंशशोधात स्त्रिया हरवतात त्या अशा. दर लग्नाला नाव बदलतं, वसाहत बदलते आणि शोधणारा मधेच कंटाळतो.

ऑक्टोबर १८७८मध्ये एका पोलिसावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात एलनला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. कडेवर तान्ही मुलगी होती. त्याच महिन्यात स्ट्रिंगीबार्क क्रीकला नेडच्या टोळीने तीन पोलीस मारले, केनेडी, स्कॅनलन आणि लॉनिगन. हे तिघेही आयर्लंडचेच. केनेडी वेस्टमीथचा, स्कॅनलन केरीचा, लॉनिगन स्लायगोचा. नेडला फाशी सुनावणारे न्यायाधीश रेडमंड बॅरीही कॉर्कचे. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना एकाच बेटाची लेकरं. आणि नेडला फाशी दिली त्या दिवशी त्याची आई त्याच तुरुंगात कैदी होती. त्या तीन पोलिसांच्याही घरांचे वंशज आज आहेत. त्यांच्या घरात ही गोष्ट वेगळ्या सुरात सांगितली जाते, हेही विसरू नये.

एलन १९२३पर्यंत जगली, नव्वदी ओलांडून. केट गेल्यावर तिच्या मुलांना आजीनेच सांभाळलं. आणि एलनचा किंगपासूनचा मुलगा जॅक पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात चक्क पोलिसात भरती झाला! एका पिढीवरून घराण्याचा शिक्का मारू नये तो यासाठी.

आता शेवटचा धागा. नेडला तुरुंगाच्या आवारात पुरलं होतं. १९२९मध्ये तिथल्या अस्थी पेंट्रिज तुरुंगात हलवल्या गेल्या आणि कुणाच्या कुठल्या ते कळेनासं झालं. पुढे उत्खननात त्या सापडल्या, पण ओळख कशी पटवायची? शास्त्रज्ञांनी मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तपासला. हा डीएनए आईकडून मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढच्या पिढीला देते फक्त मुलगी. म्हणून नेडच्या बहिणीचा पणतू शोधला, ज्याच्यापर्यंतची साखळी आई-मुलगी अशीच आली होती. २०११मध्ये दोन्ही नमुने जुळले. जानेवारी २०१३मध्ये नेडला ग्रेटाच्या स्मशानभूमीत, आईच्या शेजारात पुरलं गेलं. ‘केली’ आडनाव साऱ्या जगाला पाठ होतं. पण हाडं ओळखली गेली ती आडनाव बदलत गेलेल्या बायकांच्या रक्तावरून.

म्हणून मंडळी, वंशावळ करायला बसाल तेव्हा प्रत्येक पिढीत दोन नावं लिहा, आणि आईचं नाव माहेरच्या आडनावासकट. ज्यांचे पूर्वज मुंबईहून करारावर मॉरिशसला गेले, त्यांच्या बाबतीतही हेच. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. आणि कागदांकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा.

मी बसलो. जबलपूरच्या माझ्या आत्याचं वय एक्याऐंशी. पणजीचं माहेरचं आडनाव तिलाही ठाऊक नाही. पण बोलता बोलता म्हणाली, ‘अरे, भाऊबीजेला खांडव्याहून एक मामा यायचे बघ, रेल्वेतले. आजीला ते ताई म्हणायचे.’ आडनाव नाही मिळालं. पण एक गाव मिळालं, एक नोकरी मिळाली. म्हणजे कुठलं कपाट उघडायचं ते कळलं.

तुमच्या घरातली आत्या अजून आहे ना? मग हा भाग संपला की आधी तिला फोन करा. पुन्हा भेटू.