टीव्हीची फी आणि दार उघडणारी बाई

मैत्रिणींनो, परदेशी निघालेल्या लेकीला किंवा सुनेला आपण काय काय सांगत नाही! औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेव, लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांध, थंडीत कानाला रुमाल गुंडाळ. तिच्या बाळंतपणाला आपणच जाणार असलो, तर आपलीही यादी हातभर लांब होते. पण एक गोष्ट त्या यादीत कधीच नसते, कारण ती आपल्याला सुचतच नाही. इंग्लंडमध्ये घरी टीव्ही बघायचा तर वर्षाची फी भरून लायसन्स घ्यावे लागते, आणि लायसन्सवाचून बघितला तर तो गुन्हा ठरतो.

तुम्ही म्हणाल, टीव्ही बघायला कसले आले लायसन्स? पण आपल्या सासूबाईंच्या पिढीला विचारून बघा. आपल्याकडेही रेडिओचे लायसन्स होते. पोस्टात जायचे, वर्षाचे पंधरा रुपये भरायचे आणि छोट्या पुस्तकावर तिकिटे लावून आणायची. टीव्ही आला तेव्हा त्याचे पन्नास रुपये होते. तपासनीस आला की घरात पुस्तकाची शोधाशोध सुरू व्हायची! १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर आपल्याकडची ही पद्धत बंद झाली आणि आपण ती विसरूनही गेलो. इंग्लंडमध्ये मात्र ती अजून चालू आहे, आणि टीव्हीच्या पेटीवरून आता हातातल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचली आहे.

फी कशाची?

बीबीसी ही तिथली सार्वजनिक वाहिनी. तिच्या तिथल्या टीव्हीवर साबणाच्या, तेलाच्या जाहिराती लागत नाहीत. मग तिचा खर्च चालतो कशावर? मुख्यतः या फीवर. १९२२ साली रेडिओसाठी दहा शिलिंगांनी सुरुवात झाली. महायुद्धानंतर १९४६ मध्ये टीव्ही पुन्हा सुरू झाला तेव्हा दोघांची मिळून फी दोन पौंड होती. एप्रिल २०२५ पासून ती वर्षाला १७४.५० पौंड झाली, म्हणजे महिन्याला साडेचौदा पौंड. महागाईप्रमाणे ती वाढत जाते, तेव्हा भरताना त्या वर्षाचा आकडा पाहून घ्यावा.

ही एक प्रकारची वर्गणीच आहे म्हणा ना. गल्लीतल्या गणपतीला सगळी घरे वर्गणी देतात, मग आरती कुणाच्या एकट्याची राहत नाही, तसे. १९६५ साली तिथे नव्याने आलेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांसाठी बीबीसीने बर्मिंगहॅमहून ‘अपना ही घर समझिये’ नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. ज्या बायकांना इंग्रजीचा गंध नव्हता, त्यांना त्या देशात वावरायला मदत व्हावी हा त्याचा एक हेतू. जाहिरातदारांच्या भरवशावर चालणाऱ्या वाहिनीने त्या काळी असा कार्यक्रम काढला असता का, याची मला शंकाच आहे. वर्गणीचा हा फायदा नाकारून चालणार नाही.

कशाला लागते, कशाला नाही

आता नियम नीट समजून घेऊ, कारण घोटाळा इथेच होतो. पुष्कळांना वाटते, आम्ही बीबीसी लावतच नाही, मग फी कशाला? पण नियम तसा नाही. कोणत्याही वाहिनीवरचा कार्यक्रम तो चालू असतानाच, म्हणजे थेट, बघायचा असेल तर लायसन्स हवे. वाहिनी इंग्रजी असो, हिंदी असो की मराठी. ती डिशवरून येवो की इंटरनेटवरून. बघायला मोठा टीव्ही असो, लॅपटॉप असो की मोबाइल. भारतातला क्रिकेटचा सामना तिथे थेट बघितला तरी तेच. आपली मराठी बातम्यांची वाहिनी थेट लावली तरीही तेच!

दुसरे म्हणजे बीबीसीचे आयप्लेअर. होऊन गेलेले कार्यक्रम इंटरनेटवर सवडीने बघायची ही सोय. पूर्वी त्यावरचे जुने भाग लायसन्सशिवाय बघता यायचे. १ सप्टेंबर २०१६ पासून ती पळवाट बंद झाली. आता आयप्लेअरवर बीबीसीचे काहीही बघायचे तर लायसन्स लागतेच.

कशाला लागत नाही, तेही सांगते. बीबीसीचा रेडिओ ऐकायला लागत नाही. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणचे सिनेमे आणि मालिका आपल्या सवडीने बघायला लागत नाही. मराठी मालिकेचा कालचा भाग आज अॅपवर बघितला, तरी लागत नाही. थोडक्यात, शिळे चालते. ताजे आणि आयप्लेअर यांना फी. हे एवढे वाक्य लक्षात ठेवलेत तरी पुरे.

लायसन्स माणसाला नसते, पत्त्याला असते. एका घराला एक. मुलाने ते घेतलेले असेल, तर त्याच्याकडे पाहुणी म्हणून गेलेल्या आईला वेगळे घ्यावे लागत नाही. पण शिकायला गेलेली मुले खोल्या घेऊन राहतात, तिथे जरा पाहावे लागते. घराचा भाडेकरार सगळ्यांचा मिळून एक असेल, तर साधारणपणे एक लायसन्स पुरते. प्रत्येकाचा करार वेगळा असेल, तर ज्याला आपल्या खोलीत थेट टीव्ही बघायचा त्याने स्वतःचे घ्यायचे. तिथल्या विद्यार्थ्यांना एक सवलत आहे. आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल, तर फक्त बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर बघता येते. विजेच्या सॉकेटला जोडले की सवलत गेली! पण ही सवलत ज्यांचे आईवडील तिथेच राहतात त्यांच्या कामाची. नाशिक-कोल्हापूरहून गेलेल्या मुलांना तिचा उपयोग नाही.

दारावरची बेल

हे सगळे पुरुषांनी बघायचे काम आहे, असे तुम्हांला वाटत असेल तर पुढचे जरूर वाचा. टीव्हीचे लायसन्स न घेतल्याबद्दल इंग्लंड-वेल्समध्ये २०१९ साली जे दोषी ठरले, त्यांत ७४ टक्के बायका होत्या. चारांत तीन! त्या वर्षी तिथल्या बायकांवर जेवढे गुन्हे शाबीत झाले, त्यांतले सुमारे ३० टक्के या एकाच कारणाचे होते.

बायका टीव्ही फार बघतात म्हणून का हे? तसे नव्हे. फी बुडवायची खोड बायकांनाच आहे, असेही नव्हे. बीबीसीने या प्रश्नाची पाहणी केली आणि २०१७ साली तिचा अहवाल आला. कारण साधे निघाले. तपासनीस येतो तेव्हा बाई घरात असते. बेल वाजली की दार ती उघडते, आणि विचारले ते सांगतेही. एकटीच्या कमाईवर घर चालवणाऱ्या बायकाही तिथे बऱ्याच. आणि लायसन्स नसलेल्या घरात ज्या मोठ्या माणसाशी तपासनिसाचे बोलणे होते, खटला बहुधा त्याच्याच नावावर भरला जातो. बँकेचे खाते नवऱ्याचे, टीव्हीची खरेदी नवऱ्याची, फी भरायचे राहिले तेही त्याच्याकडून. आणि कोर्टाचा कागद येतो तो दार उघडणारीच्या नावाने! दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो, शिवाय कोर्टाचा खर्च वेगळा.

आता जरा आपल्या लेकीसुनांचा विचार करा. नवऱ्याच्या नोकरीपायी गेलेली मुलगी. सुरुवातीचे सहा-आठ महिने तिला काम नसते. दिवसभर घरी तीच. वेळ जात नाही म्हणून मराठी वाहिनी लावून बसते. घरात कुठली बिले भरली, कुठली राहिली, हे तिला कुणी सांगितलेलेही नसते. दार उघडायला मात्र तीच असते.

म्हणून तिला एवढे सांगून ठेवा. पहिले, राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला विचार, या पत्त्याचे लायसन्स आहे का? दुसरे, त्याबद्दल येणारी पत्रे रद्दीत टाकू नकोस. लायसन्स लागतच नसेल, तर तसे इंटरनेटवरून कळवता येते. तिसरे, तपासनीस दारात आला तर घाबरायचे कारण नाही. त्याचे ओळखपत्र मागून बघायचे. तुझ्या परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या वॉरंटशिवाय त्याला घरात येता येत नाही. खोटे बोलू नकोस, पण समजल्याशिवाय कशावर सहीही करू नकोस.

भरायची कशी?

फी घरबसल्या भरता येते. वर्षाची एकदम भरा, किंवा बँकेतून हप्त्याने जाऊ द्या. हप्ता आपोआप गेला की विसरायची भीती नाही. बँकेचे खाते अजून उघडले नसेल, तर काही ठरावीक दुकानांत रोखही घेतात. ‘तुमचे लायसन्स संपले, ताबडतोब पैसे भरा’ असा ईमेल आला तर त्यातल्या दुव्यावर बोट लावू नये. भामट्यांचा हा तिथला नेहमीचा डाव आहे. अधिकृत पत्ता स्वतः टाइप करून तिथेच भरावे.

मुदत संपण्याआधीच घर सोडून कायमचे परत यायचे झाले, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. शिक्षण संपवून येणारी मुले सामान बांधायच्या गडबडीत हे विसरतात. तीन-चार महिने उरले असतील, तर चाळीस-पन्नास पौंड होतात. परतीच्या वेळी जादा सामानाच्या खर्चाला तेवढाच हातभार!

वयस्कर मंडळींसाठीही एक गोष्ट. पूर्वी तिथे पंचाहत्तरी उलटलेल्या सगळ्यांना फी माफ होती. १ ऑगस्ट २०२० पासून ही माफी फक्त पेन्शन क्रेडिट नावाची सरकारी मदत मिळणाऱ्यांना आहे. अंधांना निम्मी फी पडते. तुमची आत्या-मावशी त्या काळी नर्स म्हणून जाऊन तिथेच स्थायिक झाली असेल, तर तिला हे जरूर विचारा.

आणि हो, हे सगळे इंग्लंडचे. जर्मनीची तऱ्हा आणखी निराळी. तिथे २०१३ पासून घरटी आकार आहे, आणि घरात टीव्ही नसला तरी तो द्यावाच लागतो. २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो. पुण्याहून तिकडे गेलेल्या मुलामुलींना घराचा पत्ता नोंदवला की काही दिवसांत त्याचे पत्र येते आणि ती चक्रावतात. ते पत्र खोटे समजून फेकू नये.

फी भरली, पण पलीकडे?

आता शेवटचा मुद्दा. वर्षाची फी भरली आहे, मग सुट्टीत भारतात आल्यावर आयप्लेअर इथे दिसेल का? नाही. ते ब्रिटनबाहेर चालत नाही. सहा महिने मुलाकडे राहून आलेल्या आजीला तिथली बागकामाची मालिका आवडली असेल, तर साताऱ्यात आल्यावर तिचे पुढचे भाग मिळायचे नाहीत.

यात कुणाचा आडमुठेपणा नाही. कार्यक्रम, सिनेमे, सामने दाखवायचे हक्क देशागणिक विकत घ्यावे लागतात. बीबीसीने ब्रिटनपुरते हक्क घेतलेले असतात, आणि तिचे स्वतःचे कार्यक्रम ती दुसऱ्या देशांतल्या वाहिन्यांना विकते. त्या पैशाने फीचा भार थोडा हलका होतो. म्हणून तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही कुठे बसला आहात, हे तिथे पाहिले जाते. एक सरळ वाट मात्र आहे. निघण्याआधी मोबाइलवर कार्यक्रम उतरवून घेतले, तर ते मुदत असेपर्यंत प्रवासात आणि परदेशातही बघता येतात. आपण कुठे आहोत ते लपवणारी युक्ती कुणी सुचवील. ती नियमात बसत नाही, तिच्या नादी लागू नये.

उलट बाजूने बघा. आपल्या सह्याद्री वाहिनीचे कितीतरी कार्यक्रम यूट्यूबवर आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने वेव्हज हे अॅपही काढले. आपण त्यासाठी पोस्टात जाऊन काही भरत नाही. म्हणून ते फुकट आहे, असे मात्र समजू नका. आपल्या करांतून आणि जाहिरातींतून ते चालते. पावती तेवढी आपल्या हातात येत नाही. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा खर्चही एप्रिल २०१४ पासून तिथल्या फीमधून होतो. म्हणजे आपण इथे बीबीसीच्या मराठी बातम्या वाचतो, त्यात लीड्समधल्या एखाद्या घराचे चार पैसे असतात. ते घर आपल्याच लेकीचेही असू शकेल!

तेव्हा फी भरावी, मन मोडून न भरता हक्काने भरावी. आणि घरात जे काही बघितले जाते, त्याचे पैसे भरले आहेत की नाहीत हे घरातल्या बाईला माहीत असावे. दुधाचा, गॅसचा हिशेब आपण वहीत मांडतो, तशी ही एक ओळ. या रविवारी लेकीचा फोन आला की जेवलीस का, थंडी किती आहे, हे झाल्यावर एवढे विचाराच: ‘टीव्हीचे लायसन्स काढलेत ना गं?’