प्लॅटिनमवर आळ

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा म्हणजे ऊस, केळी आणि हळदीचा पट्टा. साखर कारखानाही तिथे आहे. गाळप हंगामात कुठल्याही साखर कारखान्यात ज्यूस हीटरच्या एका आकड्यावर रात्रंदिवस नजर असते. चुना आणि गंधकाचा धूर दिलेला रस 100 ते 105 अंश सेल्सियसपर्यंत तापवून मगच निवळायला सोडतात. तेवढा तापला नाही तर त्यात अडकलेली हवा सुटत नाही आणि गाळ खाली बसत नाही. फार तापला तर रसाला रंग चढतो.

हा आकडा बहुतेकदा ‘पीटी 100’ हा सेन्सर देतो. आत प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा रोध 100 ओम, पुढे दर अंशामागे साधारण 0.385 ओमची भर. पॅनेलवरचा आकडा पटेनासा झाला की पहिला हुकूम ठरलेला असतो: सेन्सर बदला. नवा सेन्सर बसतो, आणि आकडा पुष्कळदा जागचा हलत नाही.

तो हलणार कसा? पॅनेल मोजते तो रोध एकट्या प्लॅटिनमचा नसतो. सेन्सर 50 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 100 मीटर तांबे मध्ये येते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध होतो सुमारे 1.2 ओम, म्हणजे फुकटचे तीन अंश! पॅनेल 102 दाखवते तेव्हा रस 99 वरच असतो, आणि स्वयंचलित व्हॉल्व्ह त्या 102 वर विश्वास ठेवून वाफ आवरती घेतो. यावरचा उपाय म्हणजे तिसरी तार. तिच्यामुळे तारांचा रोध हिशेबातून वजा होतो. मात्र तिन्ही तारा सारख्या हव्यात. एखादे टर्मिनल गंजले की वजाबाकी फसते.

चूक कोणत्या दिशेची आहे, हे पाहणारा तंत्रज्ञ अर्धी लढाई तिथेच जिंकतो. दोन तारांच्या जोडणीत गंज किंवा सैल स्क्रू रोध वाढवतो, म्हणून आकडा वर जातो. सेन्सरच्या डोक्यात ओल शिरली की प्रवाहाला आडवाट मिळते आणि आकडा खाली येतो. सेन्सर ज्या संरक्षक नळीत बसतो त्या थर्मोवेलवर क्षारांचा थर बसला असेल तर आकडा रसाच्या मागे रेंगाळतो.

तिसऱ्या तारेची युक्ती विल्यम सीमेन्सची. प्रसिद्ध जर्मन उद्योजक वेर्नर सीमेन्सचा हा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये स्थायिक झाला होता. गुंडाळून ठेवलेल्या समुद्री तारायंत्राच्या केबल आतून तापतात का, हे पाहताना तो रोधावरून तापमान मोजण्याकडे वळला. 1871 मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने प्लॅटिनमचा तापमापक मांडला. पण भट्टीत तापवून काढल्यावर त्याचा शून्यच सरकलेला असे. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या समितीने चाचण्या घेतल्या, निकाल प्रतिकूल गेला आणि प्लॅटिनम बदनाम झाले.

ती बदनामी पुसली ह्यू कॅलेंडरने. केंब्रिजमध्ये अभिजात भाषा आणि गणित शिकलेला हा तरुण जे. जे. थॉमसनच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आला, तेव्हा प्रयोगांचा त्याला फारसा सराव नव्हता. कदाचित म्हणूनच त्याने समितीचा निकाल अखेरचा मानला नसावा. दोष प्लॅटिनमचा नव्हता, त्याच्या घराचा होता. सीमेन्सची तार मातीच्या नळकांड्यावर गुंडाळून लोखंडी नळीत घातलेली होती. तप्त वायू आणि मातीतली सिलिका तिला दूषित करत. तार शुद्ध ठेवा, तिच्यावर ताण येऊ देऊ नका, मग ती तोच आकडा पुन्हा पुन्हा देते, हे त्याने 1887 मध्ये दाखवून दिले. त्या वेळी तो पंचविशीचाही नव्हता. आज उणे 259 पासून 961.78 अंशांपर्यंतची आंतरराष्ट्रीय मापनश्रेणी याच धातूवर उभी आहे.

हल्ली ‘स्मार्ट’ ट्रान्समीटर स्वतःचे निदान स्वतः करतात, अशी जाहिरात असते. तुटलेली तार ते ओळखतात, हे खरे. थर्मोवेल पाइपात पुरेसा खोल गेला नसेल, तर ते त्यांना आपोआप कळत नाही.

अजून एक फसगत तपासणीतच दडलेली असते. बर्फाच्या पाण्यात शून्य पाहून झाले की सेन्सर उकळत्या पाण्यात धरतात आणि 100 ची वाट पाहतात. पण हिंगोलीचा परिसर समुद्रसपाटीपासून चारशे-साडेचारशे मीटर उंच आहे. तिथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. तिथे 98.5 दाखवणारा सेन्सर चोख आहे. नेमका 100 दाखवणाऱ्याची मात्र टर्मिनलपासून झडती घ्यायला हवी.